वाढीचा निरोप थांबत नाही तेव्हा

निफाड, दिंडोरी, नाशिक या तालुक्यांतल्या मुलांना द्राक्षबागेतले एक काम पाहून पाहून पाठ असते. मणी धरले की घड ‘जीए’च्या द्रावणात बुडवायचे. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. लिटरभर पाण्यात ते जेमतेम काही मिलिग्रॅम असते. त्यातून मण्याला अन्न असे काहीच मिळत नाही, तरी मणी लांब आणि टपोरे होतात. बिनबियांच्या द्राक्षालाच याची एवढी गरज का? कारण बी असलेल्या फळात हे द्रव्य बीच पुरवते. बी नाही म्हटल्यावर ते बाहेरून द्यावे लागते. थोडक्यात, जीए हे खत नव्हे. तो एक निरोप आहे, आणि निरोपाचा मजकूर एका शब्दाचा आहे : वाढ.

हा निरोप पेशी कसा वाचते याचा पहिला धागा २००५ साली जपानी शास्त्रज्ञांना भातात सापडला. पेशीतले एक प्रथिन जीएच्या रेणूला आपल्या खोबणीत धरते. धरताच त्या प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि मग ते दुसऱ्या एका प्रथिनाला चिकटू शकते. हे दुसरे प्रथिन वाढ रोखून धरणारे असते. दोघांची गाठ पडली की या रोखणाऱ्याची विल्हेवाट लागते आणि वाढ सुरू होते.

माणसाच्या पेशीतली प्रथिने वेगळी आहेत, निरोपही वेगळे आहेत. पण तत्त्व हेच आहे. एक प्रथिन दुसऱ्याला स्पर्श करते, त्या स्पर्शाने दुसऱ्याचा आकार बदलतो, आणि बदललेला आकार तिसऱ्याला ओळखू येतो. पेशीत निरोप पोचवण्याची ही मुख्य रीत. मग हा निरोप थांबेनासा झाला तर काय होते? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे कर्करोग. ते समजून घेण्यासाठी आपण तोंडाच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. भारतीय पुरुषांत हा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. जागतिक अंदाजानुसार २०२२ साली भारतात स्त्री-पुरुष मिळून त्याचे १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण झाले. आणि त्याच्या मुळाशी असलेली एक महत्त्वाची गोष्ट आपल्या मुंबईतच उलगडली.

निरोप दारापर्यंत येतो

गालाच्या आतल्या पेशी दातकोरणीने हलकेच खरवडून, त्यांवर मिथिलीन ब्लू टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा प्रयोग आपण सर्वांनीच केलेला असतो. एवढ्या सहज पेशी सुटून येतात, कारण तोंडाच्या अस्तराचा वरचा थर सतत झडत असतो. झडलेल्या पेशींच्या जागी खालच्या थरातून नव्या येतात. म्हणजे या अस्तरात पेशींनी विभागणे हे रोजचे, आवश्यक काम आहे. ते किती व्हावे, कधी थांबावे, याचा हिशेब निरोपांवर चालतो.

असा एक निरोप १९६२ साली अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांनी शुद्ध स्वरूपात मिळवला. उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला तर त्यांचे डोळे आणि दात वेळेआधीच उघडतात, हे त्यांनी पाहिले होते. त्या अर्कातले कार्यकारी द्रव्य म्हणजे ५३ अमिनो आम्लांचे एक छोटे प्रथिन निघाले. ते त्वचेच्या आणि अस्तराच्या पेशी वाढवते. त्याला ‘ईजीएफ’ असे नाव पडले. या कामासाठी कोहेन यांना रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ईजीएफ पेशीच्या आत शिरत नाही. पेशीपटलातून आरपार गेलेले एक मोठे प्रथिन त्याची वाट पाहत असते. त्याला ग्राही म्हणतात. ग्राहीचा एक भाग बाहेर, एक आत. बाहेरच्या भागात एक छोटा हात दुमडून लपवलेला असतो. ईजीएफ येऊन बसला की हा हात उघडतो आणि शेजारच्या, तशाच उघडलेल्या ग्राहीला धरतो. दोन ग्राहींची जोडी जमली की त्यांचे आतले भागही जवळ येतात आणि एकमेकांवर फॉस्फेटचे गट चिकटवतात. ते टायरोसिन या अमिनो आम्लावर बसतात. बाहेरचा निरोप आत आला तो असा. प्रत्यक्षात आत काहीच गेले नाही. फक्त आतल्या शेपटीवर फॉस्फेटच्या खुणा उमटल्या.

एकाचा हात दुसऱ्याच्या हातात

या खुणा ओळखणारे एक प्रथिन पेशीत फिरत असते. त्याचे नाव ग्रब-२. हे स्वतः कोणतीच रासायनिक क्रिया करत नाही. त्याचे काम दोघांना एकत्र आणण्याचे. त्याचा मधला भाग फॉस्फेट लागलेल्या टायरोसिनला धरतो, दोन टोके सॉस नावाच्या प्रथिनाला धरतात. फॉस्फेट नसेल तर ग्रब-२ ग्राहीकडे ढुंकूनही पाहत नाही. लागले की चिकटते, आणि आपल्याबरोबर सॉसला पेशीपटलापाशी घेऊन येते.

‘सॉस’ या नावाची गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे. फळमाशीचा डोळा सुमारे ८०० लहान डोळ्यांचा बनलेला असतो आणि प्रत्येकात आठ प्रकाशग्राही पेशी असतात. काही माश्यांत यांतली सातवी पेशी तयारच होत नाही. त्या दोषाला कारण असलेल्या जनुकाला शास्त्रज्ञांनी ‘सेव्हनलेस’, म्हणजे सातवी-नसलेला, असे नाव दिले. पुढे निरोपाच्या त्याच वाटेवरचे दुसरे जनुक सापडले, त्याचे नाव ठेवले ‘सन ऑफ सेव्हनलेस’, म्हणजे सेव्हनलेसचा मुलगा. त्याची आद्याक्षरे म्हणजे सॉस. माशीच्या डोळ्याचा अभ्यास करणारे, सूक्ष्म कृमींचा अभ्यास करणारे आणि माणसाच्या कर्करोगाचा अभ्यास करणारे असे तीन वेगवेगळे गट १९९३ च्या सुमारास एकाच साखळीपाशी येऊन पोचले. माशीत डोळ्याची पेशी घडवणारी साखळी माणसाच्या गालात अस्तर घडवते.

सॉस पेशीपटलापाशी आले की त्याला तिथे रास भेटते. या नावाचा आपल्या राशींशी काही संबंध नाही. ‘रॅट सार्कोमा’ या शब्दांवरून ते आले. जेनिफर हार्वे यांनी १९६४ साली उंदरांत सार्कोमा हा कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूचे वर्णन केले. त्या विषाणूत पुढे जे जनुक सापडले त्याला त्यांच्या नावावरून एच-रास म्हणतात. माणसात रासचे आणखी दोन भाऊ आहेत, के-रास आणि एन-रास.

रास : उघडझाप करणारे प्रथिन

रास हे १८९ अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन. ते पेशीपटलाच्या आतल्या बाजूला पंधरा कार्बनांच्या एका स्निग्ध शेपटीने अडकवलेले असते. त्याच्या खोबणीत नेहमी एक छोटा रेणू बसलेला असतो : कधी जीडीपी, कधी जीटीपी. दोन्हींत फरक एका फॉस्फेटचा. जीडीपीत दोन, जीटीपीत तीन. हे तिसरे फॉस्फेट रासच्या दोन लवचिक वळ्या आपल्याकडे ओढून धरते आणि रासचा चेहरा बदलतो.

शांत पेशीत बहुतेक रासमध्ये जीडीपी असतो. सॉस येऊन रासला धरते, त्याची खोबणी सैल करते आणि जीडीपी बाहेर पडतो. पेशीत जीटीपीचे प्रमाण जीडीपीच्या कितीतरी पट असल्याने रिकाम्या जागी जीटीपीच बसतो. या नव्या चेहऱ्याचे रास पुढच्या प्रथिनाला, राफला, ओळखू येते. राफ रासला चिकटते आणि कामाला लागते. ते मेक या प्रथिनावर फॉस्फेट चढवते, मेक एर्कवर चढवते, एर्क पेशीकेंद्रकात जाते आणि विभाजनासाठी लागणारी जनुके चालू होतात. ईजीएफ दारात आला होता. त्याचा निरोप केंद्रकापर्यंत पोचला.

आता महत्त्वाचा प्रश्न : हे थांबते कसे?

रास स्वतःच जीटीपीचे तिसरे फॉस्फेट तोडू शकते. पण एकट्याने ते काम फार सावकाश होते, कित्येक मिनिटे लागतात. म्हणून पेशीत गॅप नावाचे प्रथिन असते. गॅप रासला येऊन भिडते आणि आर्जिनिन या अमिनो आम्लाचे एक ‘बोट’ थेट रासच्या खोबणीत खुपसते. हे बोट आत गेले की फॉस्फेट तुटण्याचा वेग सुमारे लाखपट होतो. रास पुन्हा शांत होते, राफ सुटते, निरोप संपतो. हे बोट नेमके कुठे जाते याचे चित्र १९९७ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी स्फटिकांवर क्ष-किरण टाकून मिळवले.

म्हणजे निरोप सुरू करणारा स्पर्श जितका महत्त्वाचा, तितकाच तो संपवणारा स्पर्शही महत्त्वाचा. वाढ सुरू होणे ही निरोगी पेशीतही रोजची गोष्ट आहे. कर्करोगात बिघडते ते थांबणे.

५६७ पैकी एक अक्षर

१८९ अमिनो आम्लांसाठी डीएनएची ५६७ अक्षरे लागतात. १९८२ साली अमेरिकेतल्या तीन गटांनी मानवी मूत्राशयाच्या कर्करोगातील एच-रास जनुक वाचले आणि निरोगी जनुकाशी ताडून पाहिले. फरक निघाला एका अक्षराचा. बाराव्या अमिनो आम्लाच्या संकेतात जी च्या जागी टी आला होता. त्यामुळे ग्लायसिनच्या जागी व्हॅलिन बसले होते.

एवढ्याने काय बिघडते? ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. त्याची बाजूची शाखा म्हणजे फक्त एक हायड्रोजन. बाराव्या जागी, खोबणीच्या अगदी तोंडाशी, तेवढ्यालाच जागा आहे. तिथे व्हॅलिन आले की त्याची शाखा पुढे येते आणि गॅपच्या बोटाला नीट शिरता येत नाही. जीटीपी तुटत नाही, रास चालूच राहते. आता दारात ईजीएफ असो वा नसो, राफला निरोप मिळतच राहतो. एकसष्टाव्या जागी बदल झाला तरी परिणाम तोच. तिथले ग्लुटामिन फॉस्फेट तोडणाऱ्या पाण्याच्या रेणूला योग्य जागी धरून ठेवते. ते गेले की तोडण्याचे काम अडते.

इथे मुंबईचा संबंध येतो. टाटा मेमोरियल सेंटरची कर्करोग संशोधन संस्था त्या वेळी परळला होती. (२००२ पासून हे काम खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये चालते.) तिथे डॉ. धनंजया सारनाथ, डॉ. एम. जी. देव आणि ब्रिटनमधील त्यांचे सहकारी यांनी तंबाखू चघळणाऱ्या रुग्णांच्या तोंडातील ५७ गाठींचा अभ्यास केला. १९९१ साली तो प्रसिद्ध झाला. सुमारे ३५ टक्के गाठींत एच-रासमध्ये बदल सापडला, आणि तोही नेमका बाराव्या किंवा एकसष्टाव्या जागी. पाश्चात्त्य देशांतील तोंडाच्या कर्करोगांत रासचे बदल फारच थोडे, ५ टक्क्यांहूनही कमी आढळत होते. तिकडे हा रोग मुख्यतः धूम्रपान आणि दारू यांच्याशी जोडलेला. आपल्याकडे गालात धरलेल्या तंबाखूशी. एकाच नावाचा रोग दोन ठिकाणी वेगवेगळ्या वाटांनी येऊ शकतो, हे या कामाने दाखवले. पुढे २०१३ साली कल्याणी आणि खारघर येथील भारतीय शास्त्रज्ञांच्या गटाने हिरडी व गाल यांच्या कर्करोगाची जनुके मोठ्या प्रमाणावर वाचली, तेव्हाही वारंवार बिघडणाऱ्या जनुकांच्या यादीत एच-रास होतेच.

अर्थात रास एकटे कर्करोग घडवत नाही. निरोप अखंड येऊ लागला तर निरोगी पेशीला संशय येतो आणि पी-५३ सारखी पहारेकरी प्रथिने तिचे विभाजन बंद पाडतात. पहारेकरी प्रथिनेही निकामी व्हावी लागतात. म्हणूनच तंबाखूचे पहिले चिमूट आणि गाठ यांच्यात बहुधा अनेक वर्षे जातात. आपल्या हातात असलेला वेळ तो हाच.

चिमूट जनुकापर्यंत कशी पोचते

तंबाखू सुकवताना आणि मुरवताना तिच्यात नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये तयार होतात. पेशीतील विकर ही द्रव्ये शरीराबाहेर टाकण्याच्या तयारीत त्यांचे रूप बदलतात, आणि त्या मधल्या रूपातले काही रेणू डीएनएला चिकटतात. जी या अक्षरावर मिथिल गट चिकटला तर नक्कल करताना पेशीची फसगत होते. सी ऐवजी समोर टी जोडले जाते आणि पुढच्या नकलेत जी च्या जागी ए येतो. बहुतेक चुका दुरुस्त होतात, पण सगळ्या नाही. एकाच जागी, गाल आणि हिरडी यांच्या खाचेत, रोज कित्येक तास तंबाखूचा बार धरला तर तिथल्या पेशींना चुका करण्याची संधीही रोज मिळते. मिश्री लावणाऱ्या बायका ‘आम्ही तंबाखू खात नाही’ असे म्हणतात. पण भाजलेल्या तंबाखूचीच ती पूड असते.

औषध कुठे अडवते

निरोप स्पर्शाने जात असेल तर तो स्पर्श अडवूनही थांबवता येईल, हा विचार ओघानेच येतो. पहिली जागा दाराची. ग्राहीच्या बाहेरच्या भागाला चिकटून ईजीएफला बसूच न देणारी प्रतिपिंडे तयार झाली आहेत. त्यांपैकी क्युबात घडवलेले निमोटुझुमॅब २००६ साली भारतात आले. टाटा रुग्णालयाने डोके-मान भागाच्या कर्करोगाच्या ५३६ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली आणि २०१९ साली निष्कर्ष मांडले. नेहमीच्या किरणोपचार व रसायनोपचारासोबत हे प्रतिपिंड दिलेल्यांपैकी ६१.८ टक्के रुग्णांत दोन वर्षांनी रोग वाढलेला नव्हता. न दिलेल्यांत हे प्रमाण ५०.४ टक्के होते. एकूण आयुर्मानात मात्र निर्णायक फरक दिसला नाही.

दार बंद करून भागत का नाही? साखळी डोळ्यांसमोर आणा. रास आधीच अडकून चालू राहिले असेल तर वरच्या दाराला कुलूप लावून काय उपयोग? मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हे स्पष्ट दिसले. रास बिघडलेले असेल तर ग्राहीवरच्या प्रतिपिंडांचा लाभ होत नाही, म्हणून तिथे औषध देण्यापूर्वी रासची तपासणी करतात.

मग रासलाच अडवावे. हे फार काळ अशक्य मानले गेले, कारण रास गुळगुळीत आहे आणि जीटीपीला ते इतके घट्ट धरते की दुसऱ्या रेणूला खोबणीत जागा मिळत नाही. २०१३ साली अमेरिकेत केव्हन शोकात यांच्या गटाला एका बदललेल्या के-रासवर चिकटण्याजोगी छोटी जागा सापडली. तिथे बसणारे सोटोरासिब हे औषध २०२१ साली अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. मात्र ते बाराव्या जागी सिस्टीन आलेल्या के-रासलाच चालते. एच-राससाठी वेगळी युक्ती तपासली जात आहे : त्याची स्निग्ध शेपटी जोडणारे विकरच रोखायचे. शेपटी नाही तर रास पेशीपटलापाशी टिकत नाही. के-रास आणि एन-रास अशा वेळी दुसरी शेपटी लावून निसटतात, एच-रासला ते जमत नाही. टिपिफार्निब या औषधाच्या डोके-मान कर्करोगावरील चाचण्यांत त्यामुळेच आशादायक परिणाम दिसले.

या औषधांचा खर्च सामान्य घराला झेपणारा नसतो. तोंडाच्या कर्करोगात आजही पहिला उपाय शस्त्रक्रियाच, आणि ती लवकर झाली तरच गाल, जबडा, बोलणे हे सारे बऱ्यापैकी वाचते.

वर्गात करून पाहा

नववीच्या पुढच्या वर्गात ही साखळी मुलांकडून वठवून घेता येते. सात मुले पुढे बोलवा : ईजीएफ, ग्राही, सॉस, रास, राफ, गॅप आणि केंद्रक. रासच्या हातात एक पुठ्ठा द्या, एका बाजूने हिरवा, दुसऱ्या बाजूने लाल. ईजीएफने ग्राहीच्या खांद्यावर हात ठेवला की ग्राहीने सॉसला टाळी द्यायची, सॉसने रासचा पुठ्ठा हिरवा करायचा. हिरवा दिसेपर्यंत राफने सावकाश टाळ्या वाजवायच्या. प्रत्येक टाळीला केंद्रकाने फळ्यावर एक पेशी काढायची. गॅपने रासच्या मनगटाला हात लावला की पुठ्ठा लाल. दोन मिनिटांत किती पेशी झाल्या ते मोजा.

आता रासच्या मनगटाभोवती उघडी वही गुंडाळा, म्हणजे गॅपचा हात मनगटाला लागणार नाही. पुन्हा सुरू करा आणि थोड्या वेळाने ईजीएफला जागेवर बसायला सांगा. फळ्याकडे पाहा. मग मुलांना विचारा : ग्राहीला बाहेर काढले तर पेशी थांबतील का? राफला काढले तर? वही सैल होऊन गळून पडली तर? औषध कुठे चालेल आणि कुठे नाही, हे मुलांना न सांगता कळते.

आणि वर्गाबाहेर

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, त्यांतले बहुतेक धूरविरहित स्वरूपात. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. २००३ च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकणे आणि १८ वर्षांखालील मुलांना ते देणे हा गुन्हा आहे. कायदा शाळेच्या फाटकाबाहेर किती पाळला जातो, हे शिक्षकांइतके कोणाला माहीत असणार?

एक साधी तपासणी शाळेत करता येते. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का ते पाहायचे. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांत गालाचे अस्तर ताठर होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. तिखट लागले की तोंडाची आग होणे, न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेले तोंडातले व्रण, यांपैकी काही दिसले तर दंतवैद्याकडे किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवावे. मुलाला रागावून नव्हे, त्याच्या घरच्यांना विश्वासात घेऊन. तपासणी करताना घरात आणखी कोण खाते हेही हळूच कळते, आणि पुष्कळदा मुलापेक्षा त्याच्या वडिलांना किंवा आजीला पाठवण्याची गरज अधिक असते.